मशीनचा गळा

मोख्तारियाची भिशी लागली तेव्हा घरातला फ्रिज शेवटचे आचके देत होता. दार लागत नव्हतं म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवलेली असे. दूध हवं असेल तर आधी खुर्ची ओढायची, मग दार सांभाळायचं, मग दूध काढायचं, आणि तेवढ्यात कुणी बेल वाजवली तर त्याला बाहेरच उभं ठेवायचं. त्यामुळे भिशीत तिचा नंबर आला म्हटल्यावर गल्लीतल्या बायका धरूनच चालल्या होत्या की आता ही खुर्ची परत टेबलापाशी जाणार.

तिची लेक विस्साम मात्र त्या रकमेकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. तिला डीजे व्हायचं होतं.

त्यांच्या मोस्तागानेम गावात यात जगावेगळं काही नव्हतं. लग्नातली बायकांची मैफल भर दुपारी, दारं लावून रंगते. पुरुषाचं तिथे काम नसतं. पूर्वी या मैफलींना डफवाल्या मद्दाहा यायच्या. नबींच्या स्तुतीनं सुरुवात करायच्या आणि मग वऱ्हाडातल्या बायकांना नाचवून नाचवून घामाघूम करून सोडायच्या. विस्सामची मावशी खैरा त्यांतलीच. तिच्या मागे डफांची पिशवी घेऊन हिंडता हिंडता नवरीच्या कुठल्या पोशाखाला कुठलं गाणं लागतं, नवरी दाराशी आली की ताल कसा चढवायचा, हे सगळं विस्सामच्या अंगात मुरलं होतं. पण कंपूतली एक जण लेकीकडे मार्सेयला गेली, दुसरीचे गुडघे गेले, आणि खैराचे डफ भिंतीवर गेले. आता बायकांना डीजे लागे, आणि ती बाईच लागे.

गावातल्या मोठ्या हॉलची मालकीण हाज्जा बख्ता. ती विस्सामला लहानपणापासून ओळखत होती, पण ओळखीवर हॉल द्यायचा नसतो हेही ती ओळखून होती. तिने सांगितलं, की गुरुवारी एक लग्न आहे, ते तू वाजव. जमलं तर उन्हाळाभर हॉल तुझा. नाही जमलं तर शहरातली, ओरानची सिहेम आहेच, तिचं मशीन बघूनच बायका तोंडात बोटं घालतात.

"म्हणजे मशीन दिसायला भारी हवं," विस्साम म्हणाली.

"दिसायला तर हवंच. पण माझी अट दुसरीच आहे. अजान झाली की आवाज बंद." हाज्जा बख्ताने कपाळाला हात लावला. "या हॉलच्या भिंती अशा जाड की बाहेरचं काही आत येत नाही. आणि ती सिहेम कानाला डबे लावून बसते. मी इकडून रुमाल हलवते, तिकडून ती मला नाचायला बोलावते. गेल्या वर्षी प्रत्येक असरला, त्या दुपारच्या अजानीला, मला टेबलाखाली रांगत जाऊन वायर उपटावी लागली. या वयात, बये, माझे कपडे फाटायची वेळ आली."

विस्सामने शब्द दिला. सगळा उन्हाळा त्या एका गुरुवारवर येऊन टेकला.

घरी मोख्तारियाने लेकीचं सगळं ऐकून घेतलं, उठून वजू केला, दोन रकात नमाज पढली, आणि बऱ्याच वेळाने जानमाजची घडी घालत म्हणाली, "फ्रिज उन्हाळ्यातच लागतो आणि लग्नंही उन्हाळ्यातच होतात. अल्लानं दोन्ही एकदमच मागायला लावलंय, तर त्यातलं एक तो स्वतःच बघेल. जा, तू तुझं घे."

कॉम्प्युटरही तिचाच वापरायचा ठरला, कारण घरात दुसरा नव्हता. त्यावर मोख्तारिया रोज संध्याकाळी कुराणपठण शिकत असे. शिकवणाऱ्या उस्तादा मदिनेत राहत आणि त्यांचा तास मदिनेची सूर्यास्ताची मगरिब झाली की सुरू होई. आता मदिनेत सूर्य मावळतो तेव्हा मोस्तागानेमात ऊन अजून अंगणात असतं. सुरुवातीला मोख्तारियाचे दोन तास चुकले. मग तिने कॉम्प्युटरमध्ये अजानची व्यवस्था करून घेतली आणि ती मदिनेच्या वेळेवर लावली. पाचांतली फक्त मगरिबची. इथल्या पाच वेळांसाठी मागच्या गल्लीतली मशीद होतीच. मदिनेची अजान आली की मोख्तारिया ओले हात पुसून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसे.

"त्यातलं काही काढायचं नाही, काही हलवायचं नाही," तिने लेकीला बजावलं. "सकाळी तुझा, दुपारनंतर माझा. गुरुवारी उस्तादांची सुट्टी असते, तेव्हा दिवसभर तुझा."

दुसऱ्या दिवशी दोघी शेअर टॅक्सीने ओरानला गेल्या. तिथल्या 'नवी मदिना' नावाच्या बाजारात, भांड्यांच्या आणि पडद्यांच्या दुकानांच्या मागे, कादाचं आवाजाच्या सामानाचं दुकान होतं. कादा तिशीतला, पोट सुटलेला, बोलका. स्पेनहून लोक बॅगा भरभरून जे आणतात ते त्याच्याकडे येऊन पडतं. मोख्तारियाला बघताच त्याने स्टूल पुढे केलं.

"बसा, हाज्जा."

"हाज्जा नाही रे अजून, हज कुठे झालीय. उमराच झालाय."

"मी म्हणत राहतो, होऊन जाईल." त्याने विस्सामकडे पाहिलं. "बोल ताई, किती जीव आहे खिशात?"

विस्सामने सांगितलं. कादाने फडक्यानं दोन मशिनं पुसली आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

पहिलं होतं भलंमोठं, जुनं, पण डोळ्यांत भरणारं. जेवणाच्या ताटाएवढी दोन चाकं, चार सरकत्या पट्ट्या, आणि बटणांच्या चार रांगा. कादाने वायर लावली तशी निळे, जांभळे, हिरवे दिवे चाकांभोवती पळू लागले. दुकानाबाहेरून जाणाऱ्या दोन बाया थबकून बघू लागल्या. दुसरं होतं कोरं करकरीत, खोक्यातलं, पण एवढंसं. मक्रूत मिठाईच्या ट्रेएवढं. काळं, गप्प, एक लाल दिवा, तोही लाजल्यासारखा.

"आणि किंमत सारखीच?" विस्सामने विचारलं.

"धाकट्याची जास्त. ते घेतलंस तर तुझ्याकडे हेडफोनलाही उरणार नाही. थोरल्यात हेडफोन बसेल, स्टँड बसेल, वर आईला कलिंगड घेऊन जाशील."

"मग धाकट्यात आहे तरी काय?"

कादा कोपरं टेकून पुढे वाकला. खोटं बोलून माल खपवणारा तो नव्हता. त्याचं म्हणणं असं, की फसवलेलं गिऱ्हाईक ओरानहून मोस्तागानेमला जातं आणि सगळ्या मोस्तागानेमला घेऊन परत येतं. त्याने सांगितलं, "या धाकट्याला स्वतःचा गळा आहे. गाणं कॉम्प्युटरमधून घेतं आणि स्वतःच्या गळ्यानं हॉलच्या स्पीकरांना देतं. थोरल्याला गळा नाही. ते नुसते हुकूम सोडतं. हे वाजव, ते थांबव, याला चढव. गातो तो कॉम्प्युटर. हॉलची वायर कॉम्प्युटरच्याच भोकात खुपसायची."

"पण गाणं तर वाजतं ना?"

"वाजतं की. मी एक छोटी वायर देतो, तिचे दोन फाटे. एक फाटा हॉलला, एक तुझ्या हेडफोनला."

मोख्तारिया इतका वेळ तसबीहची माळ ओढत बसली होती. तिने मान वर केली. "म्हणजे या थोरल्याचं, वरून एवढा थाट आणि बोलायला माणूस दुसराच?"

"अगदी बरोबर, हाज्जा. आमच्या सासऱ्यांसारखं. हुकूम त्यांचे, आवाज सासूबाईंचा."

मोख्तारिया हसली आणि म्हणाली, की तिला आपलं धाकटं बरं वाटतं, ज्याचं त्याच्या तोंडी. पण विस्सामच्या डोळ्यांपुढे सिहेमचं मशीन होतं, हाज्जा बख्ताचा हॉल होता, आणि तोंडात बोटं घालणाऱ्या बायका होत्या. मक्रूतचा ट्रे घेऊन तिथे उभं राहायचं? बायका म्हणतील, ही वाढपी इकडे कशी आली? गाणं एका वायरीतून आलं काय किंवा दुसरीतून, नाचणाऱ्याला काय कळतंय. तिने थोरलं घेतलं, हेडफोन घेतला, स्टँड घेतला. कादाने कलिंगडाचेही पैसे उरवून दिले.

त्या आठवड्यात विस्सामने सकाळच्या सकाळी हात बसवला. मशीन जेवणाच्या टेबलावर, खुर्ची फ्रिजला, त्यामुळे ती उभ्यानेच वाजवी. खैरा मावशी येऊन बसे आणि डोळे मिटून ऐके. एकदा म्हणाली, की सगळं चांगलं आहे, पण नवरीला तो जड ब्लूजा झगा घालायला नेहमी ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढं गाणं ताणायला शीक. विस्सामने तेही बटण शोधून काढलं. दुपार झाली की कॉम्प्युटर आईच्या स्वाधीन. पाचच्या सुमाराला मदिनेची अजान घरात घुमे आणि विस्साम तेव्हा मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असे. रोजचाच आवाज, शेजारच्या कोंबड्यासारखा तो आता तिच्या कानात शिरतही नव्हता.

गुरुवारी हॉलमध्ये दिवे पळू लागले आणि बायकांनी खरंच तोंडात बोटं घातली. हाज्जा बख्ता दाराशी उभी राहून बघत होती. चेहरा काही सांगत नव्हता, पण हात मात्र ताल धरत होता. विस्सामने आधी नबींची स्तुती लावली, मावशीच्या आवाजातली, डफासकट. म्हाताऱ्या बायकांचे चेहरे उजळले. मग हळूहळू चढवत नेलं. नवरी पहिल्या पोशाखात आली, दुसऱ्यात आली. तिसऱ्याला इतका वेळ लागला की विस्सामने एकच ओळ गोल गोल फिरवत ठेवली, आणि बायकांना वाटलं गाणंच असं आहे. मोख्तारिया नवरीच्या आजीशेजारी बसली होती. आजी म्हणजे लाला यामिना, वडीलधाऱ्या बाईला तिथे मानानं लाला म्हणतात; वाळलेली, ताठ, हातात काठी. तिच्या मांडीवर बदामाच्या मिठाईचा डबा होता आणि ती कुणालाच हात लावू देत नव्हती.

असरची वेळ झाली तसा हाज्जा बख्ताचा रुमाल हलला. विस्सामची नजर तिच्यावरच होती. तिने गाणं अलगद उतरवलं, इतकं अलगद की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप थांबले. ज्यांना पढायचं होतं त्या आतल्या खोलीत गेल्या. हाज्जा बख्ताने टेबलाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसली.

नमाज झाली. नवरी निळ्या ब्लूजात दाराशी येऊन उभी राहिली. मैफलीचा सगळ्यांत मोठा क्षण हाच. विस्सामने ताल चढवला, बायकांनी जिभा हलवून ललकाऱ्या सुरू केल्या, नवरीनं पहिलं पाऊल टाकलं,

आणि हॉलच्या आठही स्पीकरांतून अजान सुरू झाली.

ढोलही वाजत होता आणि अजानही. हॉल जागच्या जागी गोठला. हात वर गेलेल्या बाया हात वर ठेवूनच उभ्या राहिल्या. काहींनी खांद्यावरच्या ओढण्या झटक्यात डोक्यावर घेतल्या. नवरीचं एक पाऊल उंबऱ्यात, एक बाहेर.

एका श्वासात विस्सामला सगळं कळलं: मदिना, मगरिब, आईची व्यवस्था, आणि कादाचं बोलणं. गातो तो कॉम्प्युटर. त्याच्या गळ्यात गाणं आहे आणि अजानही आहे, आणि हॉलची वायर त्याच्या गळ्यातच आहे. तिचं बोट कॉम्प्युटरच्या आवाजाच्या बटणावर गेलं. एकदा दाबलं असतं तर सगळं शांत झालं असतं. गाणं, अजान, सगळं.

बोट तिथेच राहिलं. अजान मधेच तोडायची कशी? घरात टीव्हीवर लागली तरी मोख्तारिया कुणाला चॅनल बदलू देत नसे. उन्हाळा हातचा जात होता, समोर हाज्जा बख्ता उभी होती, आणि विस्सामचं बोट काही खाली जाईना. तिने ते उचललं आणि मशीनच्या पट्ट्यांवर ठेवलं. चारही पट्ट्या एकदम खाली ओढल्या. ढोल गेला. हुकूम सोडणारं मशीन एवढं तरी करू शकत होतं. अजान तेवढी राहिली.

बाया एकमेकींकडे बघत होत्या. असर तर आत्ताच झाली आणि मगरिबला अजून दुपार आडवी आहे; मग ही अजान कुठल्या नमाजेची? एक म्हणाली, आपलं घड्याळ चुकलं. दुसरी म्हणाली, मशिदीचं चुकलं. तिसरीने हळूच सांगितलं, की मशिदीचं कसं चुकेल, हॉलचंच चुकलं असणार, इथली कॉफीही नेहमी उशिराच येते. हाज्जा बख्ताच्या भुवया वर चढत गेल्या.

लाला यामिना मात्र काठी टेकून उठली होती. डबा मांडीवरून घसरला, मिठाई गालिच्यावर पसरली, तिला त्याचं भान नव्हतं. अजान संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग मोख्तारियाचं मनगट धरून म्हणाली, "ही मदिनेची आहे. हा आवाज मी ओळखते. मी आणि हे, दोघं अंगणात बसलो होतो, नबींच्या मशिदीच्या. ह्यांनी खजुराचं अर्धं मला दिलं होतं." तिचे डोळे भरून आले. "कुठून आली गं ही?"

मोख्तारियाला उभं राहावंच लागलं. ती चार बायकांत बोलणारी नव्हती. तिने खालच्या आवाजात, ओढणीच्या टोकाशी चाळा करत सांगितलं, की कॉम्प्युटर तिचा आहे, शिकवणी मदिनेतली आहे, अजान लावलीय ती तासाला उशीर होऊ नये म्हणून, आणि लेकीची काही चूक नाही. लेकीला काही हलवू नकोस असं तिनेच बजावलं होतं.

मग त्या तिसऱ्या बाईने विचारलं, "म्हणजे मदिनेत आत्ता सूर्य मावळला?"

"हो."

"आणि आपली नवरी अजून दारातच?"

हसू फुटलं ते दारापासून भिंतीपर्यंत गेलं. नवरीही हसली, आणि हसता हसता तिने उंबऱ्यातलं पाऊल आत घेतलं. लाला यामिनाने डोळे पुसले, नबींवर सलाम म्हटला, आणि इतकी लांब ललकारी दिली की साठीच्या बाईच्या छातीत एवढा दम कसा असं कुणालाही वाटावं; ती तर ऐंशीची होती. विस्सामने पट्ट्या वर केल्या. पुढचा तासभर कुणी बसलं नाही.

सगळं आवरल्यावर हाज्जा बख्ता टेबलाशी आली. विस्साम वायरी गुंडाळत होती; निकाल काय हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"तुला ते बंद करता आलं असतं," हाज्जा बख्ता म्हणाली. "बोट ठेवलंस, मी पाहिलं."

"हो, लाला."

"सिहेमनं केलं असतं. तिनं इथली अजान कधी ऐकली नाही, मदिनेची काय ऐकणार." तिने मशीनवर पळणाऱ्या दिव्यांकडे बघितलं. "उन्हाळा तुझा. पण या सोंगाला आधी गळा आण. दर गुरुवारी माझं काळीज नाही पुरायचं."

"मग हे एवढं दिसणार नाही, लाला. दुसरं ट्रेएवढं आहे."

"बायका दिवे बघायला येत नाहीत गं. नवरी बघायला येतात."

कादाने थोरलं परत घेतलं. पहिल्या लग्नाची बिदागी वर घालून धाकटं पदरात पडलं. त्याने काही टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाला, की सासरे परत आलेत, आता सासूबाईंना घेऊन जा. मोख्तारियाने खोकं शेअर टॅक्सीत मांडीवर धरलं होतं. वाटेत दोनदा तिने विचारून घेतलं, की याचा गळा याचाच ना, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधलं काहीच बाहेर जाणार नाही ना. विस्साम म्हणाली, नाही जाणार. तुला वाटलं तर मदिनेऐवजी इथली वेळ लाव. मोख्तारियाने नाही म्हणून मान हलवली. तास मदिनेचा आहे.

पुढच्या गुरुवारी धाकट्याने आपल्या गळ्यानं गायला सुरुवात केली. पाचच्या सुमाराला कॉम्प्युटरच्या पोटातून, अगदी बारीक, शेजारच्या खोलीतून यावी तशी अजान आली. हॉलमध्ये कुणालाच ऐकू गेली नाही. विस्सामने हेडफोन कानावरून काढला. एकटीच ऐकत राहिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पट्ट्या खाली घेतल्या. नाचणाऱ्या बाया थांबल्या, दम लागलाच होता, बसून घेतलं, ओढणीने वारा घेऊ लागल्या. आता हिला काय झालं म्हणून हाज्जा बख्ता लगबगीने आली, तर विस्सामचा चेहरा बघून तिला कळलं. स्वयंपाकघराकडे वळून तिने कॉफी आणायला सांगितलं, आणि मक्रूतही.

बायकांना ते इतकं आवडलं की पुढच्या लग्नात त्यांनीच विचारलं, कॉफीसाठी केव्हा थांबवते ही? तेव्हापासून उन्हाळाभर हॉलची कॉफी त्याच वेळेला. खुर्ची मात्र अजून फ्रिजलाच टेकलेली होती. अल्ला बघेल असं मोख्तारिया म्हणाली होती, ते तो आपल्या वेळेनं बघत होता, आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात नवी बाई लागली. तिने दोन-तीन गुरुवार पाहिलं आणि मग हाज्जा बख्ताकडे तक्रार घेऊन आली, की कॉफीची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी अलीकडे सरकते. मागच्या वेळी दूध तापायच्या आत गाणं थांबलं. एक वेळ ठरवून का देत नाही?

"मी ठरवत नाही," हाज्जा बख्ता म्हणाली. "मदिनेतला सूर्य ठरवतो. तू दूध जरा आधी ठेवत जा."